झील धरणारा बिली प्रेस्टन

शाहिराचे नाव पंचक्रोशीला ठाऊक असते, झीलकऱ्याचे नाव त्याच्या गल्लीपुरते. कव्वालीच्या महफिलीत दाद मुख्य कव्वालाला मिळते. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसून पेटी वाजवणारे, टाळ्या देणारे आणि त्याने टाकलेली ओळ वरच्यावर झेलून पुन्हा त्याच्या हाती देणारे हमनवा मात्र ‘आणि साथीदार’ या दोन शब्दांत संपतात. इतिहासाच्या पुस्तकांची रीतही फारशी वेगळी नाही. राजाचे नाव असते, सेनापतीचे असते, घोड्याला नाल ठोकणाऱ्याचे नसते. आम्ही वर्गात इतिहास शिकवतो तेव्हा ही उणीव रोज जाणवते. म्हणून या लेखासाठी आम्ही मुद्दाम मागच्या रांगेतला माणूस निवडला आहे. तो आपल्या मुलखातला नाही, अमेरिकेतला आहे. पण झील धरण्याचे काम जगभर सारखेच असते आणि त्या कामाची किंमतही जगभर बहुधा सारखीच चुकती होते.

त्याचे नाव बिली प्रेस्टन. दौऱ्यावर निघालेल्या मोठमोठ्या मंडळींच्या मागे ऑर्गन आणि पियानो वाजवणारा, वेळ पडली तर मागून सूर देणारा आणि संधी मिळाली तर स्वतःही गाणारा कृष्णवर्णीय कलावंत. लिटल रिचर्ड, सॅम कुक, रे चार्ल्स, बीटल्स, रोलिंग स्टोन्स, जॉर्ज हॅरिसन आणि एरिक क्लॅप्टन या सगळ्यांच्या कामात त्याची बोटे सापडतात. विसाव्या शतकातल्या लोकप्रिय पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहायला बसलेल्याला त्याला वगळता येत नाही, आणि तरीही बहुतेकांनी त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे.

बिलीचा जन्म २ सप्टेंबर १९४६ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाला. तो अगदी लहान असतानाच आई त्याला घेऊन लॉस एंजेलिसला गेली. आई रॉबी चर्चमध्ये ऑर्गन आणि पियानो वाजवीत असे. तिसऱ्या वर्षी आईच्या मांडीवर बसून त्याने पट्ट्यांवर बोटे ठेवली, ती पुढे कधी उचललीच नाहीत. त्याने संगीताची रीतसर तालीम कधी घेतली नाही. दहाव्या वर्षी तो महालिया जॅक्सनसारख्या थोर गॉस्पेल गायिकेला साथ करीत होता. अकराव्या वर्षी, १९५७ मध्ये, नॅट किंग कोलच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो झळकला. पुढच्याच वर्षी ‘सेंट लुई ब्लूज’ या चित्रपटात संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांच्या बालपणाची भूमिका त्याने केली. मोठेपणीचे हँडी साकारले होते नॅट किंग कोलने.

इथे त्या वाद्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण बिलीचे पुढचे सारे आयुष्य त्यावर उभे आहे. मोठ्या युरोपीय चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन म्हणजे इमारतीचाच एक भाग. गरीब वस्तीतल्या चर्चला तो परवडणे शक्य नव्हते. लॉरेन्स हॅमंड या घड्याळे बनवणाऱ्या माणसाने १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. त्यात ९१ दातेरी चक्रे फिरत राहतात आणि प्रत्येक चक्र शेजारच्या चुंबकीय गुंडाळीत आपापल्या स्वराची लहर उठवते. पट्ट्यांच्या वर असलेल्या सरकत्या दांड्या ओढल्या-ढकलल्या की आवाजाचा पोत बदलतो. जोडीला लेझली नावाचा स्पीकर, ज्यातला कर्णा स्वतःभोवती गरगर फिरतो. त्यामुळे स्वर थरथरतो, जवळ येतो, लांब जातो. हे यंत्र कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेले आणि तिथे त्याला माणसाचा कंठ फुटला. धर्मोपदेशक बोलत असतो तेव्हा ऑर्गनवाला गप्प नसतो. प्रवचनकाराने श्वास घेतला की तो एक स्वर भरतो, आवाज चढला की तोही चढतो, सभा रडू लागली की तो तिला सावरतो. पुढच्या माणसाचे वाक्य कुठे संपणार आहे हे आधी ओळखणे, ही बिलीची पहिली आणि शेवटची शाळा.

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. पेटी हीदेखील युरोपातूनच आली. संगीत नाटकाच्या पिटात पायाने भाता मारायचा ऑर्गन ठेवलेला असे आणि नटाच्या कंठाला तोच आधार देई. पेटीचा स्वर भारतीय संगीताला मानवत नाही असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. एवढे होऊनही कव्वाली, भजन, नाट्यगीत, गझल यांतले कोणीही पेटीवाचून राहिले नाही. बाहेरून आलेली वस्तू ज्याच्या हाती पडते त्याची होते, हे पेटीने इथे सिद्ध केले आणि हॅमंडने तिथे.

बिलीचा पहिला मोठा दौरा १९६२ चा. लिटल रिचर्डने १९५७ मध्ये रॉक अँड रोल सोडून धर्मगीतांची वाट धरली होती. तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्यासोबत ऑर्गनवर सोळा वर्षांचा बिली होता. दौऱ्यात सॅम कुकही होता. लिव्हरपूलच्या बाजूच्या एका कार्यक्रमात त्यांच्या आधी गायला स्थानिक पोरांची एक चौकडी होती, तिचे नाव बीटल्स. पुढे जर्मनीत हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये त्यांची पुन्हा गाठ पडली. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या या पोराशी जॉर्ज हॅरिसनचे चांगले जमले. ती ओळख पुढे किती उपयोगी पडणार आहे याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

अमेरिकेत परतल्यावर सॅम कुकच्या १९६३ च्या ‘नाइट बीट’ या ध्वनिमुद्रिकेत बिलीने ऑर्गन वाजवला. त्याच वर्षी कुकच्याच कंपनीने त्याची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. नंतर ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात तो होता, आणि १९६७ मध्ये रे चार्ल्सच्या ताफ्यात दाखल झाला. रे चार्ल्स स्वतः पियानोचा बादशहा. अशा माणसाने आपल्या मंचावर दुसऱ्याला पट्ट्यांवर बसवणे ही केवढी मोठी सनद होती, ते संगीतातल्या लोकांना सांगायला नको.

१९६९ चा जानेवारी. लंडनमध्ये बीटल्सची मंडळी नव्या गाण्यांसाठी एकत्र जमली होती आणि समोर चित्रपटाचा कॅमेरा चालू होता. आपसांत धुसफूस एवढी, की १० जानेवारीला हॅरिसन उठून निघून गेला. समजूत काढून त्याला परत आणले गेले. रे चार्ल्सबरोबर बिली लंडनला आल्याचे त्याला समजले होते, आणि बिली सॅव्हिल रोवरच्या कचेरीत भेटायला आला तो २२ जानेवारीला. ‘ये, बस, वाजव’ इतकाच मामला. तळघरातल्या स्टुडिओत तो विजेच्या पियानोवर बसला आणि दहा मिनिटांत खोलीची हवा पालटली.

हे का घडले असावे? आमच्या मते त्याला दोन कारणे आहेत. पहिले संगीताचे. चौघांच्या वाद्यांमध्ये जी पोकळी होती ती या पाचव्याने नेमकी ओळखली आणि तेवढीच भरली. एक स्वर जास्त नाही. दुसरे कारण माणुसकीचे. पाहुणा समोर असला की भांडणारे भाऊदेखील आवाज खाली आणतात. पीटर जॅक्सनने त्या जुन्या फितींवरून २०२१ मध्ये केलेल्या माहितीपटात हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. बिली हसतमुखाने बसलेला आहे, कोणाची बाजू घेत नाही, आणि गाणी एकामागून एक आकार घेत आहेत. त्याला कायमचाच घेऊ या, असे जॉन लेननने सुचवले. पॉल मॅकार्टनीचे म्हणणे पडले की चौघांतच पुरेशी अडचण आहे, पाचवा कशाला. ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर, कडाक्याच्या थंडीत, सुमारे ४२ मिनिटांचा तो प्रसिद्ध जाहीर कार्यक्रम झाला. बीटल्सचा तो शेवटचाच. त्यातही बिली पट्ट्यांवर होता.

११ एप्रिल १९६९ रोजी ‘गेट बॅक’ ही तबकडी ब्रिटनमध्ये बाजारात आली. तिच्यावर छापले होते, ‘बीटल्स, सोबत बिली प्रेस्टन’. बीटल्सच्या त्या काळातल्या तबकड्यांवर दुसऱ्या कोणा वादकाला असा मान मिळालेला नाही. झीलकऱ्याचे नाव शाहिराच्या नावाशेजारी छापले गेले, ही घटना आम्हांला कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते. तबकडी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली.

बीटल्सच्या ॲपल कंपनीने मग बिलीच्या दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. ‘दॅट्स द वे गॉड प्लॅन्ड इट’ या १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता हॅरिसनच होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘माय स्वीट लॉर्ड’ हे हॅरिसनचे जगभर गाजलेले गाणे. त्यात चर्चमधला जयघोष आणि कृष्णाचे नाव एकाच सुरात येतात. हे गाणे आधी प्रसिद्ध झाले ते बिलीच्या आवाजात, सप्टेंबर १९७० मध्ये. हॅरिसनने स्वतः गायलेले नोव्हेंबरमध्ये आले. लोकांच्या स्मरणात राहिले ते दुसरे.

बिलीच्या चरित्राचा आपल्या उपखंडाशी संबंध येतो तो १९७१ मध्ये. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व बंगाल उद्ध्वस्त झाला होता. मार्च १९७१ पासून पाकिस्तानी लष्कराने तिथल्या जनतेवर अत्याचार सुरू केले. मारणारे आणि मरणारे यांतले बहुसंख्य एकाच धर्माचे होते, ही गोष्ट आम्ही मुस्लिम लेखकांनी तरी विसरता कामा नये. लाखो निर्वासित भारतात आले. पंडित रविशंकर यांनी आपल्या मित्राला, जॉर्ज हॅरिसनला, काहीतरी करण्याची विनंती केली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते आले. आरंभी पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांची जुगलबंदी झाली, तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ होते. तिकिटांतून जमलेले २ लाख ४३ हजार ४१८ डॉलर युनिसेफकडे गेले. अशा कामासाठी एवढ्या प्रमाणावर झालेला हा पहिलाच रॉक जलसा मानला जातो.

त्या मंचावर मोठमोठ्या नावांची दाटी होती. साथीला आलेल्या बिलीला एक गाणे स्वतःचे म्हणून मिळाले. ऑर्गनवर बसून त्याने चर्चच्या थाटात संथ आरंभ केला, हळूहळू लय वाढली आणि शेवटी न राहवून तो वाद्य सोडून मंचाच्या पुढच्या कडेला आला आणि नाचू लागला. चित्रफितीत ते दृश्य आहे. सूफी मंडळी ज्याला ‘हाल’ म्हणतात तो याहून वेगळा काय असेल? बंगालच्या निर्वासितांसाठी, ईश्वराच्या योजनेचे गीत गात, एक कृष्णवर्णीय ख्रिस्ती तरुण नाचतो आहे. उपखंडाच्या इतिहासाच्या कडेला हा प्रसंग नोंदवून ठेवायला हरकत नाही.

पुढची चार वर्षे त्याच्या भरभराटीची. १९७२ मध्ये ‘आउटा-स्पेस’ ही केवळ वाद्यांची रचना अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली आणि तिला ग्रॅमी मिळाले. तिच्यात त्याने क्लॅव्हिनेट या वाद्याचा आवाज गिटारच्या वाह-वाह पेडलमधून काढला होता. विशेष म्हणजे कंपनीने ही रचना तबकडीच्या मागच्या बाजूला टाकली होती. लोकांनी ती पुढे आणली. १९७३ आणि १९७४ मध्ये त्याची दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. माइल्स डेव्हिससारख्या जॅझच्या उस्तादाने आपल्या एका रचनेला ‘बिली प्रेस्टन’ असेच नाव दिले. ऑक्टोबर १९७५ मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्याच भागातल्या दोन पाहुण्या गायकांपैकी तो एक होता.

पण याच काळात तो दुसऱ्यांच्या मागे बसणे सोडत नव्हता. १९७४ च्या अखेरीस हॅरिसनने उत्तर अमेरिकेचा दौरा काढला. त्यात पंडित रविशंकरांबरोबर उस्ताद अल्लारखाँ, पंडित हरिप्रसाद चौरसिया, पंडित शिवकुमार शर्मा, उस्ताद सुलतान खाँ अशी मंडळी होती. हॅरिसनचा घसा बसला होता आणि श्रोते जुन्या गाण्यांसाठी हटून बसले होते. अशा वेळी बिलीची गाणी सुरू झाली की सभागृह उठून उभे राहत असे. म्हणजे १९६९ चे काम त्याने पुन्हा केले. या वेळी पियानोऐवजी कंठाने.

रोलिंग स्टोन्सच्या १९७३, १९७५ आणि १९७६ च्या दौऱ्यांतही तो होता. तिथे त्याला मध्येच स्वतःच्या एक-दोन चिजा सादर करायला मिळत. इथे मात्र श्रेयाचा प्रश्न उभा राहतो. त्यांच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेत ‘मेलडी’ नावाचे एक गाणे आहे. त्यावर बिलीच्या शैलीचा ठसा इतका स्पष्ट, की मुखपृष्ठाच्या मजकुरात त्याच्या ‘प्रेरणे’चा उल्लेख करावा लागला. गीतकार-संगीतकार म्हणून नावे मात्र जॅगर आणि रिचर्ड्स यांचीच राहिली. प्रेरणेला मानधन नसते. गाणे वाजेल तितक्या वेळा पैसा येतो तो ज्याचे नाव कर्ता म्हणून नोंदले आहे त्याला. साथीदार दिवसाची मजुरी घेऊन घरी जातो. संगीताच्या धंद्यातली ही सावकारी समजल्याशिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांचा इतिहास समजत नाही.

आणि नाव नोंदले तरी स्मरण मिळेलच असे नाही. ‘यू आर सो ब्यूटिफुल’ हे गाणे बिली आणि ब्रूस फिशर यांनी मिळून केले, ते बिलीच्याच १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेत आहे. पण जो कॉकरने ते अधिक संथ लयीत गायले, आणि जगाने ते त्याच्या नावावर करून टाकले.

१९८० मध्ये सिरीटा राइटबरोबरच्या युगुलगीताने त्याला पुन्हा मोठे यश दिले. नंतर उतरण लागली. व्यसनाने त्याला ग्रासले. १९९१ मध्ये हल्ला आणि अमली पदार्थ यांच्या आरोपांवरून त्याला अटक झाली. पुढच्या वर्षी आरोप न लढवता त्याने शिक्षा पत्करली: व्यसनमुक्ती केंद्रात नऊ महिने आणि घरी तीन महिने नजरकैद. १९९७ मध्ये सुटकेच्या अटी मोडल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, तर १९९८ मध्ये विम्याच्या फसवणुकीच्या खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला. हे गुन्हे होते. कलावंताची लहर म्हणून त्यांवर चादर टाकणे आम्हांला मान्य नाही. ज्यांना त्याची झळ बसली त्यांच्याही बाजूने इतिहास लिहिला गेला पाहिजे.

त्याच्या आयुष्यात आणखी एक दुखरी गाठ होती, आणि ती गुन्ह्यांच्या यादीत मुळीच धरता कामा नये. बिली समलिंगी होता. ज्या चर्चने त्याला सूर दिला त्याच चर्चमध्ये ही गोष्ट उच्चारणे अशक्य होते. मित्रांना ठाऊक होते. कीथ रिचर्ड्सने २०१० च्या आत्मचरित्रात त्याविषयी लिहिले आहे, आणि २०२४ च्या माहितीपटातही या कोंडीचा विचार झाला आहे. सगळ्यांच्या गाण्यात मिसळून जाणाऱ्या या माणसाला स्वतःविषयी मोकळेपणाने बोलायला जागा नव्हती. कोणत्याही धर्मसमाजात वावरणाऱ्या वाचकाने यावर शांतपणे विचार करावा, एवढेच आम्ही सुचवतो.

शेवटच्या वर्षांत तो पुन्हा उभा राहिला. २००२ मध्ये त्याचे मूत्रपिंड बदलण्यात आले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, हॅरिसनच्या पहिल्या स्मृतिदिनी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांचा मेळा भरला. तिथे ‘माय स्वीट लॉर्ड’ गायले ते बिलीने. जे गाणे आधी त्याच्या आवाजात येऊनही दुसऱ्याच्या नावाने ओळखले गेले, ते त्या दुसऱ्याच्या आठवणीसाठी त्यानेच गावे, यात कुठली कडवटपणाची छटा चित्रफितीत शोधूनही सापडत नाही. २००४ मध्ये क्लॅप्टनबरोबर तो दौऱ्यावर होता. नोव्हेंबर २००५ मध्ये तो बेशुद्ध झाला, त्यातून उठला नाही. ६ जून २००६ रोजी ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे वयाच्या ५९ व्या वर्षी तो वारला. त्याआधीच्याच महिन्यात रेड हॉट चिली पेपर्सची नवी ध्वनिमुद्रिका बाजारात आली होती. तिच्यातल्या एका गाण्यात क्लॅव्हिनेट त्याचाच आहे. मागच्या रांगेतला माणूस गेला तेव्हाही कोणाच्या तरी गाण्यात त्याचे काम चालूच होते.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचा गौरव केला तो २०२१ मध्ये, मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. योगायोग असा, की बिली गेला त्याच २००६ मध्ये भारत सरकारने उस्ताद महमूद धौलपुरी यांना पद्मश्री दिली. पेटीवादकाला मिळालेली ती पहिली पद्मश्री. ज्या वाद्यावर एके काळी बंदी होती त्याला, आणि जो माणूस गवयाच्या बाजूला बसतो त्याला, राज्याने उशिरा का होईना नावाने हाक मारली.

आमची मागणी मोठी नाही. कार्यक्रमपत्रिकेवर, तबकडीवर, आणि आता मोबाइलच्या पडद्यावर जिथे गायकाचे नाव येते, तिथे साथीदारांची नावे पूर्ण छापावीत आणि कमाईत त्यांचा वाटा ठरलेला असावा. उर्साच्या जाहिरातीत हमनवांची नावे यावीत, शाहिराच्या ध्वनिफितीवर झीलकऱ्यांची यावीत. १९६९ मध्ये एका तबकडीवर ‘सोबत’ हा एक शब्द छापल्याने बीटल्सचे काहीही कमी झाले नाही. इतरांचेही होणार नाही.